रिकाम्या बोलीला अर्थ देताना : १ नो-ट्रम्पवरील २ इस्पिक

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हा जोडीने खेळायचा पत्त्यांचा खेळ शिकू लागलेल्या जोडीला स्टेमन (२ किलवर बोलून भिडूकडे चार पानी बदाम किंवा इस्पिक आहे का ते विचारणे) आणि जेकोबी ट्रान्सफर (आपल्या लांब बदाम किंवा इस्पिकच्या लगतचा खालचा रंग बोलून तो रंग भिडूकडून वदवून घेणे) या दोन सांकेतिक बोली अंगवळणी पडल्या, की थोड्याच दिवसांत तिच्या एक गोष्ट लक्षात येते. भिडूने १ नो-ट्रम्पने सुरुवात केल्यावर २ किलवर, २ चौकट आणि २ बदाम या तिन्ही उत्तरांना कामे नेमून दिलेली आहेत, पण २ इस्पिक मात्र काही न करता बसून आहे. मग कोणी जाणता खेळाडू तिला एक अर्थ सुचवतो, दुसरा त्याहून वेगळा सुचवतो, आणि नवखी जोडी शेवटी जे कानावर पडले ते उचलून खेळू लागते. असा उचललेला अर्थ वाईटच असतो असे नाही, पण तो का घेतला हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नसेल, तर पहिल्याच आडवळणी वाटपात त्याची पंचाईत होते. सांकेतिक उत्तराला अर्थ कोणत्या क्रमाने विचार करून द्यावा, हे या लेखात २ इस्पिक या एकाच बोलीच्या आधाराने मांडले आहे.

शब्दांचा घोळ टाळण्यासाठी आधीच सांगून ठेवतो की येथे ‘पाने’ म्हणजे एका खेळाडूला मिळालेली तेरा पाने आणि ‘हात’ म्हणजे चार पानांचा एक फेरा. पॉईंट नेहमीच्या पद्धतीने मोजले आहेत, म्हणजे एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १. बदाम आणि इस्पिक हे मेजर रंग, किलवर आणि चौकट हे मायनर. नो-ट्रम्प म्हणजे हुकुमाविना खेळ, आणि बोलीतल्या आकड्यात सहा मिळवले की किती हात करायचे ते कळते. सुरुवातीची बोली करणारा तो ओपनर, आणि डाव खेळणाऱ्याच्या भिडूची टेबलावर उघडी पडलेली पाने म्हणजे डमी. गेम म्हणजे मोठे बक्षीस देणारी बोली (नो-ट्रम्पमध्ये ३), स्लॅम म्हणजे बारा किंवा तेरा हातांची. १ नो-ट्रम्पची बोली १५ ते १७ पॉईंटची आणि समतोल पानांची (चारही रंग साधारण सारख्या लांबीचे) धरली आहे.

पहिली पायरी : बोली खरोखरच रिकामी आहे का?

पूर्वी १ नो-ट्रम्पवर २ इस्पिक म्हणजे इस्पिकची पाच किंवा अधिक पाने, ताकद बेताची आणि ‘भिडू, आता येथेच थांब’ अशी विनंती, असा सरळ अर्थ होता. सॅम स्टेमन यांनी १९४५ मध्ये लेखातून मांडलेली आणि मुळात त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांना सुचलेली २ किलवरची बोली आली, तेव्हाही या अर्थाला धक्का लागला नाही. धक्का लागला तो ट्रान्सफर पद्धतीमुळे, जिचा अमेरिकेतील प्रसार ऑस्वाल्ड जेकोबी यांच्या १९५६ च्या लेखापासून सुरू झाला. आता इस्पिकची पाच पाने असलेला प्रत्येक जण २ बदाम बोलतो आणि ओपनरकडून २ इस्पिक वदवून घेतो, त्यामुळे स्वतः २ इस्पिक बोलण्याचे त्याला कारणच उरत नाही. जुन्या अर्थाची सोय दुसरीकडे झालेली असल्यामुळे ही बोली फुकटात मोकळी झाली आहे.

२ नो-ट्रम्पची गोष्ट तशी नाही. ती रिकामी वाटली तरी ‘माझ्याकडे ८-९ पॉईंट आहेत, तुझ्याकडे वरच्या टोकाची पाने असतील तर गेम बोल’ असे आमंत्रण ती देत असते, आणि तिला नवा अर्थ दिला तर ते आमंत्रण दुसऱ्या वाटेने न्यावे लागते. नव्या अर्थाचे मोल ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. फुकटात मोकळ्या झालेल्या बोलीला साधारण अर्थ दिला तरी काही बिघडत नाही, पण कामावर असलेल्या बोलीला दुसऱ्या कामाला लावायचे असेल, तर नवे काम जुन्याहून नक्की चांगले असले पाहिजे.

दुसरी पायरी : कोणत्या पानांना घर नाही?

येथे बहुतेक नवखे खेळाडू उलटीकडून सुरुवात करतात. आधी प्रसिद्ध सांकेतिक बोलींची नावे गोळा करतात आणि मग त्यांतील एक निवडतात. त्यापेक्षा भिडूने १ नो-ट्रम्प बोलल्यावर आपल्याकडे कोणकोणती पाने येतात आणि त्यांतली कोणती आजच्या पद्धतीत नीट सांगताच येत नाहीत, हे आधी पाहावे.

हिशेब सोपा आहे. गड्डीत एकूण ४० पॉईंट असतात. ओपनरचे सरासरी १६ धरले तर २४ उरतात, ते तिघांत वाटले जातात, आणि उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला सरासरी ८ येतात. याचा अर्थ दुबळी पाने आणि आमंत्रणाच्या काठावरची पाने वारंवार येतात, तर स्लॅमचा विचार करण्याइतकी पाने क्वचितच येतात. (तुमचा १ नो-ट्रम्प १२ ते १४ चा असेल, तर उरलेल्या २७ पॉईंटांची सरासरी ९ येते. पण आमंत्रणासाठी तेथे ११-१२ लागतात, त्यामुळे दुबळ्या पानांना पळवाट देण्याची गरज आणखी वाढते.)

आता मेजर रंगांची सोय झालेली आहे, हे लक्षात घेऊन बाकीची पाने पाहू. एक गट लांब मायनर आणि दुबळी ताकद असलेल्यांचा. दुसरा गट लांब मायनर असून मध्यम ताकदीच्या पानांचा, ज्यांना ३ नो-ट्रम्प होईल की नाही हे ओपनरकडे त्या रंगात काय आहे यावरच ठरवता येते. तिसरा, दोन्ही मायनर लांब असून स्लॅमची आशा असलेल्यांचा. आणि चौथा, चार पानी मेजर नसलेल्या ८-९ पॉईंटच्या समतोल पानांचा, ज्यांची सोय आज २ नो-ट्रम्पने होते.

पहिला गट जवळून पाहा. तुमच्याकडे इस्पिकची ९ आणि ४, बदामाची ८ आणि ५, चौकटची ७ आणि ६, आणि किलवरची राजा, गुलाम, दश्शी, ७, ५, ४, ३ अशी सात पाने आहेत. भिडूकडे इस्पिकचा एक्का, ८, ६. बदामाचा एक्का, राजा, ७, २. चौकटचा एक्का, ८, ५, ३. आणि किलवरची ९ व २ आहेत. डाव १ नो-ट्रम्पवर सोडला तर भिडूकडे खात्रीचे हात चारच आहेत, आणि तुमची किलवरची लांबलचक रांग डमीत नुसती पडून राहते, कारण भिडू किलवर दोनदाच खेळू शकतो आणि दुसऱ्या कोणत्याही रंगातून डमीत जाण्याची वाट नाही. हाच डाव ३ किलवरमध्ये खेळला, तर किलवरचे एक्का आणि राणी सोडून पाच हात मिळतात, त्यात भिडूचे चार मिळवले की नऊ पुरे होतात. एकीकडे ११० गुण कमाई, दुसरीकडे बहुधा दोन हात कमी, म्हणजे १०० किंवा व्हल्नरेबल (दंड आणि बक्षीस दोन्ही वाढलेल्या स्थितीत) असताना २०० गुणांचा तोटा. २ इस्पिकला कोणताही अर्थ दिला नाही, तर या पानांना ३ किलवरपर्यंत पोहोचायचा रस्ता तुमच्या पद्धतीत आहे का, हे तपासून पाहावे. बहुतेक नवख्या जोड्यांच्या पद्धतीत तो नसतो.

तिसरी पायरी : उमेदवार समोर मांडा

२ इस्पिकसाठी चार अर्थ सर्वाधिक चर्चेत असतात. ते सगळे चांगले खेळाडू खेळतात, त्यामुळे ‘बरोबर कोणता’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही.

पहिला अर्थ सर्वांत साधा आहे. २ इस्पिक म्हणजे ‘माझ्याकडे एक लांब मायनर आणि दुबळी पाने आहेत, तू ३ किलवर बोल’. ओपनरने काहीही विचार न करता ३ किलवर बोलायचे. उत्तर देणाऱ्याचा रंग किलवर असेल तर तो पास करतो, चौकट असेल तर ३ चौकट बोलतो आणि ओपनर पास करतो. २ नो-ट्रम्पचे आमंत्रण जागच्या जागी राहते.

दुसरा अर्थ चार रंगी ट्रान्सफर म्हणून ओळखला जातो. यात २ इस्पिक म्हणजे किलवर आणि २ नो-ट्रम्प म्हणजे चौकट. दोन्हींमध्ये ओपनरला मधली एक पायरी मोकळी मिळते, म्हणजे २ इस्पिकनंतर २ नो-ट्रम्प आणि २ नो-ट्रम्पनंतर ३ किलवर. ती वापरून त्या रंगात आपल्याला आधार आहे की नाही हे तो सांगू शकतो. याचा फायदा दुसऱ्या गटातील पानांना होतो. समजा तुमच्याकडे किलवरची एक्का, राणी, ९, ७, ५, ३ आणि इतर रंगांत चित्राचे एकही पान नाही. भिडूकडे तीन बाजूंचे तीन एक्के आणि किलवरचा राजा, ६, २ आहेत, म्हणजे नेमके १५ पॉईंट. दोघांचे मिळून २१ होतात, आणि २१ पॉईंटांवर ३ नो-ट्रम्प बोलायला सहसा कोणी धजावत नाही. पण विरोधकांकडे किलवरची चारच पाने आहेत, आणि ती चारही एकाच खेळाडूकडे नसली (सुमारे ९० टक्के वेळा नसतात), तर किलवरचे सहा आणि एक्क्यांचे तीन असे नऊ हात समोरच मांडलेले आहेत. ओपनरने ‘किलवर मला आवडला’ एवढे सांगितले, तरच हा गेम सापडतो.

तिसरा अर्थ मायनर स्टेमनचा. २ इस्पिक म्हणजे दोन्ही मायनर आहेत, तुझ्याकडे कोणता चार पानी आहे ते सांग. ओपनर चार पानी मायनर बोलतो, नसल्यास २ नो-ट्रम्प. स्लॅमच्या शोधात हा अर्थ देखणा आहे, पण अशी पाने किती वेळा येतात हे आपण वर पाहिलेच.

चौथा अर्थ दुहेरी आहे. २ इस्पिक म्हणजे एकतर ८-९ पॉईंटचे समतोल आमंत्रण किंवा किलवरचा लांब रंग. ओपनर फक्त स्वतःची ताकद सांगतो, म्हणजे खालच्या टोकाला २ नो-ट्रम्प आणि वरच्या टोकाला ३ किलवर. आमंत्रण देणारा पहिल्या उत्तरावर पास करतो आणि दुसऱ्यावर ३ नो-ट्रम्प बोलतो. किलवरवाला दुबळा भिडू पहिल्या उत्तरावर ३ किलवर बोलतो आणि दुसऱ्यावर पास करतो. चौकटसाठी २ नो-ट्रम्प मोकळी होते.

चौथी पायरी : काय मिळते ते सगळे सांगतात, जाते काय ते विचारा

सांकेतिक बोली शिकवणारा तिचे फायदे रंगवून सांगतो, आणि त्याने जुळवून आणलेल्या उदाहरणात ती नेहमीच चमकते. तिच्यामुळे हातचे काय जाते, हे मात्र आपले आपणच शोधावे लागते.

चार रंगी ट्रान्सफरमध्ये २ नो-ट्रम्पचे आमंत्रण जाते. समतोल ८ पॉईंटचा भिडू आता आधी २ किलवर बोलतो, ओपनरचे उत्तर ऐकतो आणि मग २ नो-ट्रम्प बोलतो. म्हणजे २ किलवर बोलणाऱ्याकडे चार पानी मेजर असेलच, ही हमी संपली. इस्पिकचा राजा, ७, ३. बदामाचा गुलाम, ८, ४. चौकटची राणी, दश्शी, ९, ५. किलवरची राणी, ८, २, ही पाने घ्या. जुन्या पद्धतीत बोली १ नो-ट्रम्प, २ नो-ट्रम्प, ३ नो-ट्रम्प अशी जाते आणि उतारी करणाऱ्याला ओपनरच्या मेजर रंगांविषयी काहीच कळत नाही. नव्या पद्धतीत ओपनरने वाटेत २ बदाम बोलून दाखवलेले असतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्यात काडीचाही रस नसताना ही माहिती विरोधकांच्या पदरात पडते. शिवाय त्यांपैकी एकाला २ किलवर डबल करून (म्हणजे त्या बोलीचे गुण आणि दंड वाढवणारी बोली करून) किलवरची उतारी मागण्याची आयती संधी मिळते. ओपनरच्या २ बदामानंतर ज्याच्याकडे खरोखर चार इस्पिक आणि आमंत्रणाची ताकद आहे, त्याने २ नो-ट्रम्प न बोलता २ इस्पिक बोलायचे, हेही वेगळे ठरवून ठेवावे लागते. ते न ठरवल्यास ४-४ ची इस्पिकची जोड हातची निसटते.

दुहेरी अर्थात ही गळती होत नाही, कारण २ इस्पिक आणि त्याचे उत्तर यांतून ओपनरच्या रंगांविषयी काहीच बाहेर पडत नाही. पण ओपनर ताकद सांगतो, आधार सांगत नाही, त्यामुळे वरचा २१ पॉईंटचा ३ नो-ट्रम्प येथे सापडत नाही. १५ पॉईंटचा ओपनर प्रामाणिकपणे २ नो-ट्रम्प बोलतो आणि किलवरवाल्या भिडूला अंदाज बांधत बसावे लागते. आणखी एक बारीक तोटा आहे. डाव कोण खेळणार हे तो रंग त्या जोडीत प्रथम कोणी बोलला यावर ठरते. २ नो-ट्रम्पनंतर दुबळ्या भिडूने ३ किलवर बोलल्यास डाव त्याला खेळावा लागतो आणि ओपनरची भक्कम पाने टेबलावर उघडी पडतात. पहिल्या अर्थातही चौकटच्या बाबतीत हेच घडते.

पहिल्या अर्थात काही जात नाही, पण फारसे मिळतही नाही. मध्यम आणि भक्कम ताकदीच्या मायनर पानांना तो कुठलीच दाद देत नाही.

तुम्ही कोणत्या प्रकारच्या स्पर्धा खेळता, यावरही या तोट्यांचे वजन बदलते. संघांच्या सामन्यात व्हल्नरेबल असताना ३ नो-ट्रम्प बोलून जमला, तर २ नो-ट्रम्पवर थांबून नऊ हात करणाऱ्यापेक्षा ४५० गुण, म्हणजे १० आयएमपी (संघांच्या सामन्यात गुणांच्या फरकावरून मिळणारे एकक) जास्त मिळतात. एक हात कमी पडला, तर २ नो-ट्रम्प पुरा करणाऱ्याच्या तुलनेत २२० गुण, म्हणजे ६ आयएमपी जातात. शंभरातून ३८ वेळा जमला तरी सौदा फायद्याचा ठरतो, म्हणून अशा सामन्यांत अनेक जोड्या ९ पॉईंटवर आमंत्रण न देता थेट गेम बोलतात. आमंत्रणे कमी झाली की २ नो-ट्रम्प गमावल्याचे दुःखही कमी होते. जोड्यांच्या स्पर्धेत मात्र प्रत्येक डावाचे वजन सारखेच असल्यामुळे तेच आमंत्रण पुन्हा मोलाचे होते.

माझे मत विचाराल तर, पहिले काही महिने पहिला अर्थ खेळावा आणि सराव झाला की चौथ्याकडे वळावे. चार रंगी ट्रान्सफरला माझा विरोध नाही, पण तिच्यामुळे स्टेमननंतरच्या बोलींची जी पुनर्रचना करावी लागते, ती नवख्यांना झेपतेच असे नाही. मायनर स्टेमन मी कधीच सुचवत नाही. वर्षातून चार-दोनदा उपयोगी पडणारी गोष्ट लक्षात ठेवायची आणि पाचव्या वेळी ती विसरायची, हा व्यवहार मला परवडलेला नाही.

पाचवी पायरी : शेवटच्या फांदीपर्यंत लिहा

नवख्या जोड्यांचे सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते, आणि मीही त्याला अपवाद नाही. एका स्पर्धेत ऐन वेळी जुळलेल्या भिडूने मला विचारले, ‘चार रंगी ट्रान्सफर खेळता ना?’ मी ‘हो’ म्हणालो, आणि आम्हा दोघांनाही वाटले की ठरले. तासाभरात माझ्याकडे किलवरची राजा-गुलामासह सहा पाने आली, बाहेर काही नाही. मी २ इस्पिक बोललो, भिडू २ नो-ट्रम्प बोलला, आणि किलवरचे एक्का-राणी समोरच आहेत अशा खात्रीने मी ३ नो-ट्रम्प ठोकला. भिडूने ती मधली पायरी ‘मला किलवर आवडत नाही’ या अर्थाने वापरली होती. डाव तीन हातांनी गेला. दोघांचेही काही चुकले नव्हते, कारण दोन्ही रिती खेळल्या जातात. आमचे एकमत फक्त नावावर झाले होते.

म्हणून नाव ऐकून मान डोलावू नये. वही घ्यावी, वर २ इस्पिक लिहावे, आणि खाली ओपनरची प्रत्येक शक्य बोली, तिच्याखाली उत्तर देणाऱ्याची प्रत्येक पुढची बोली आणि तिचा अर्थ असे झाड उतरवत जावे. पहिल्या अर्थाचे झाड चार ओळींत संपते. दुहेरी अर्थाचे झाड पानभर होते, कारण २ नो-ट्रम्पनंतर ३ चौकट, ३ बदाम, ३ इस्पिक आणि ३ नो-ट्रम्प या प्रत्येकाला अर्थ द्यायचा की ती बोली बंद ठेवायची, हे ठरवावे लागते. बंद ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. ‘ही बोली आपण वापरत नाही’ हेसुद्धा पक्के उत्तर आहे, आणि ते लिहून ठेवलेले असले की भर खेळात कोणाला नवी कल्पना सुचत नाही.

मधल्या पायरीचा अर्थ निवडतानाही कारण शोधावे. माझी पसंती ‘मधली पायरी म्हणजे आवडले’ या रीतीला आहे. ओपनरकडे चांगला आधार नसण्याचे प्रसंग जास्त येतात, अशा वेळी तो स्वतः ३ किलवर बोलतो, त्यामुळे डाव त्याच्याकडे राहतो आणि पहिली उतारी त्याच्या भक्कम पानांकडे येते. उलट रीतीत याच वारंवार येणाऱ्या प्रसंगी दुबळा भिडू डाव खेळत बसतो. ‘आवडले’ म्हणजे नेमके काय, तेही आकड्यांत लिहावे. किमान तीन पाने आणि त्यांत एक्का, राजा किंवा राणी, अशी अट पुरेशी आहे.

सहावी पायरी : विरोधक गप्प बसणार नाहीत

वहीतल्या झाडात विरोधक नेहमी पास करतात, टेबलावर करत नाहीत. किमान तीन प्रसंग आधी बोलून घ्यावेत.

भिडूच्या १ नो-ट्रम्पनंतर विरोधकाने एखादा रंग बोलला, तर २ इस्पिकचा सांकेतिक अर्थ संपतो आणि ती पुन्हा साधी, इस्पिकची लांब पाने दाखवणारी बोली होते, हा नियम नवख्यांना सर्वांत सोयीचा. त्यांनी १ नो-ट्रम्प डबल केला तर काय, याची अनेक उत्तरे आहेत, पण एकच निवडून दोघांनी तेच पाळावे.

तिसरा प्रसंग जास्त घातक आहे. तुमच्या सांकेतिक २ इस्पिकवर पुढचा विरोधक डबल म्हणतो, याचा अर्थ त्याच्याकडे खरोखर इस्पिक आहेत आणि त्याला त्याच रंगाची उतारी हवी आहे. येथे ओपनरने ‘मला काही सांगायचे नाही’ म्हणून पास केला आणि भिडूनेही तो अंतिम समजून पास केला, तर डबल केलेला २ इस्पिक तुमच्या गळ्यात पडतो, आणि त्या रंगात तुमच्या दोघांकडे मिळून चार-पाचच पाने असतात. सुरुवातीला ‘डबल आली तरी ठरलेलेच उत्तर द्यायचे’ एवढाच नियम ठेवावा. पुढे पास म्हणजे इस्पिकमध्ये स्टॉपर (विरोधकांची त्या रंगातली रांग अडवणारे पान) नाही, असे बारकावे आणता येतात, पण त्या वेळी उत्तर देणाऱ्याने पुन्हा पास करायचा नाही, ही अट ठळक लिहावी.

सातवी पायरी : गड्डी घेऊन बसा

दोघांनी एका संध्याकाळी गड्डी घ्यावी आणि त्यातून १५ ते १७ पॉईंटची समतोल तेरा पाने निवडून ओपनरसमोर ठेवावीत. उरलेली ३९ पिसून त्यांतील तेरा भिडूला द्यावीत, दोघांनी बोली बोलाव्यात, मग पाने उघडून योग्य ठिकाणी पोहोचलो का ते पाहावे. ओपनरची पाने तशीच ठेवून बाकीची पुन्हा पिसावीत. असे तीस-चाळीस वेळा केले, अधूनमधून ओपनरची पाने बदलली, आणि २ इस्पिक किती वेळा आली याची रेघ मारत गेले, की निवडलेला अर्थ कामाला येतो की शोभेला ठेवलेला आहे, हे आपोआप दिसते. दोन उमेदवारांत निर्णय होत नसेल, तर त्याच पानांवर दोन्ही बोलून पाहावेत.

एक प्रयोग मुद्दाम करावा. ओपनरने अर्थ विसरल्याचे सोंग घ्यावे आणि डाव कोठे जातो ते पाहावे. चौकटची ट्रान्सफर म्हणून बोललेला २ नो-ट्रम्प विसरला गेला, तर ओपनर तो आमंत्रण समजतो आणि फार तर ३ नो-ट्रम्पमध्ये एक-दोन हात जातात. २ इस्पिक विसरली गेली तर ओपनर पास करतो, आणि दोन पानी हुकुमावर आठ हात करायची वेळ येते. ही दुर्घटना अगदी सुरुवातीलाच होते, म्हणून २ इस्पिकला कोणताही अर्थ दिला तरी ‘ओपनर कधीही पास करत नाही’ हे वहीच्या पहिल्या ओळीत हवे.

आठवी पायरी : कार्ड, अलर्ट आणि विसरणारा भिडू

ठरलेला अर्थ कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीच्या ठरलेल्या बोलींची नोंद असलेल्या कार्डावर) उतरवावा आणि दोघांच्या कार्डांवरचे शब्द सारखेच असावेत. विरोधकांना तुमची बोली समजून घेण्याचा अधिकार आहे, आणि २०१७ च्या ड्युप्लिकेट ब्रिज नियमावलीत भिडूंमधील समजुतींचा हा भाग ४० व्या नियमात येतो. अलर्ट (भिडूची बोली सांकेतिक असल्याची विरोधकांना दिलेली सूचना) कधी आणि कसा करायचा, हे स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवर ठरते, ते आधी वाचून जावे. विरोधकाने विचारल्यावर ‘किलवरची ट्रान्सफर’ किंवा ‘मायनर स्टेमन’ असे नाव सांगून थांबू नये, तर ‘किलवरची किमान सहा पाने, ताकद कितीही’ असा पूर्ण अर्थ सांगावा. जो अर्थ असा एका वाक्यात सांगता येत नाही, तो बहुधा आपल्यालाही नीट कळलेला नसतो.

बोली सुरू झाल्यावर स्वतःचे कार्ड उघडून आठवण करून घेता येत नाही. आणि तुम्ही २ इस्पिक साधी म्हणून बोललात, भिडूने अलर्ट करून तिचा सांकेतिक अर्थ सांगितला, आणि तो ऐकून तुम्हाला आठवण झाली, तर त्या आठवणीचा उपयोग करण्याची मुभा १६ वा नियम देत नाही. भिडूच्या खुलाशातून मिळालेली ती माहिती तुमच्यासाठी निषिद्ध आहे, त्यामुळे भिडूच्या पुढच्या बोलीचा अर्थ तुम्ही आपली मूळ समजूत धरूनच लावायचा. तुमच्या समजुतीप्रमाणे भिडूने २ इस्पिकवर ३ किलवर बोलणे म्हणजे किलवरची चांगली पाने दाखवणे असेल, तर तसेच धरून पुढची बोली करायची, मग डाव कोठेही जाऊन पडो. भिडूचा खुलासाच तुमच्या ठरलेल्या अर्थाशी जुळत नसेल, तर ते सांगण्याची वेळ वेगवेगळी असते. तुमची जोडी डाव खेळणार असेल, तर बोली संपल्यावर आणि पहिली उतारी होण्याआधी संचालकांना बोलावून खुलासा दुरुस्त करावा. तुम्ही बचावात असाल, तर डाव पूर्ण खेळून झाल्यावरच.

अशी विसराविसर महिन्याभरात दोनदा झाली, तर कोण विसरले यावर वाद घालण्यापेक्षा वही काढून झाडाच्या दोन फांद्या कापून टाकाव्यात आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत त्या बोली बंद ठेवाव्यात.